नवीन मराठी पुस्तकं सापडतात कुठे? तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की नव्या पुस्तकांबद्दल काय विचारायचंय ते कळवा. पत्रं आली, ईमेल आले, व्हॉट्सॲपवर तर रात्री बारा वाजता पण मेसेज आले, खूप बरं वाटलं. सगळे छापायला जागा नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं न देता फक्त गाव दिलंय.

ताई, आमच्याकडे पुस्तकाचं दुकान म्हणजे स्पर्धा परीक्षेचे गाईड, शाळेच्या वह्या आणि एका रॅकवर झटपट श्रीमंत कसं व्हायचं त्याची भाषांतरं. पुण्याला गेलो की अप्पा बळवंत चौकात चक्कर होते पण तिथे काय मागायचं तेच सुचत नाही, शेवटी माहितीतलंच काहीतरी घेऊन परत येतो. नवीन काय आलंय हे कळायचं कसं? (अंबाजोगाई)

हाच प्रश्न परभणीहून आला, चिपळूणहून आला, अगदी डोंबिवलीहून पण आला, म्हणजे ही अडचण फक्त लहान गावाची नाहीये. होतं काय की मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची निघाली तर खूप झालं, हल्ली पाचशेची पण निघते, आणि पाचशे प्रती अख्ख्या महाराष्ट्रात वाटल्या तर अंबाजोगाईच्या वाट्याला किती येणार सांगा. कोणी मागत नाही म्हणून दुकानदार ठेवत नाही आणि पुस्तक दिसतच नाही म्हणून कोणी मागत नाही. त्यामुळे पुस्तक आपल्या गावात येईल म्हणून थांबू नका, आपणच माग काढायचा.

मी स्वतः लेखकापेक्षा प्रकाशक धरून चालते. म्हणजे असं बघा, साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार २०२१ ला किरण गुरव यांना मिळाला, २०२२ ला प्रवीण बांदेकर यांना, २०२३ ला कृष्णात खोत यांना, आणि ही तिन्ही पुस्तकं शब्द पब्लिकेशनची. याचा अर्थ तिथे कोणीतरी हस्तलिखितं नीट वाचून निवडतंय. मग त्यांच्या यादीतलं ज्याचं नाव आपण कधी ऐकलेलं नाही असं पुस्तक उचलायला पण धीर येतो. लोकवाङ्मय गृह, रोहन, मनोविकास, राजहंस, साधना, पॉप्युलर, शब्दालय या प्रत्येकाची एक आवड असते, तुमची ज्याच्याशी जुळते असे दोनतीन प्रकाशक पकडा आणि त्यांना फोन करून सरळ सूचीपत्र मागा. अहो खरंच पाठवतात, आता तर पीडीएफ यादी फोनवरच येते.

दुसरं म्हणजे नियतकालिकं. ‘ललित’ १९६४ पासून पुस्तकांसाठीच चाललंय, त्यातल्या तर जाहिराती पण वाचायच्या, कारण बरेचदा नव्या पुस्तकाची पहिली बातमी जाहिरातीतच असते. ‘साधना’, ‘मुक्त शब्द’ आणि रविवारच्या पुरवण्यांमधली परीक्षणं बघत जा. आणि दिवाळी अंक! १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही पद्धत आपल्याकडे अजून जिवंत आहे याचा मला फार अभिमान वाटतो. कितीतरी कथा, कादंबऱ्यांचे तुकडे आधी दिवाळी अंकात येतात आणि दोनतीन वर्षांनी त्यांचं पुस्तक होतं, म्हणून अंकातली कथा आवडली की लेखकाचं नाव वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचं.

आता दुकानातली गोष्ट. पुस्तक हातात घेतलं की मुखपृष्ठावर जाऊ नका, शीर्षकाचं पान उलटा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे ‘पहिली आवृत्ती’ आणि तारीख असते, नाहीतर ‘पुनर्मुद्रण’ म्हणून तारखांची रांग असते. समोरच्या टेबलावर नवंकोरं दिसणारं पुस्तक पुष्कळदा चाळीस वर्षांपूर्वीचं असतं, फक्त कव्हर नवीन. त्यात वाईट काही नाही पण आपण नवीन शोधत असलो तर हे कळायला हवं ना. मग मधलं कुठलंही एक पान उभ्याउभ्या वाचायचं, सुरुवातीचं नको कारण सुरुवात सगळेच घासूनपुसून लिहितात, मधल्या पानावर लेखक खरा कसा लिहितो ते समजतं. आणि काउंटरवरच्या माणसाला विचारा की गेल्या सहा महिन्यांत तुम्ही स्वतः काय वाचलं. पुण्यात अक्षरधारा, दादरला आयडियल, नाशिकला ज्योती स्टोअर्स, अशा दुकानांत या प्रश्नाला नीट उत्तर मिळतं, आणि घरबसल्या मागवायचं तर बुकगंगा आहेच.

मी बी.एस्सी. सेकंड इयरला आहे. शाळेपासून ज्या पाचसहा कादंबऱ्यांची नावं ऐकत आले त्या वाचून झाल्या, आता आजचं काहीतरी वाचायचंय. पुरस्कारांची यादी बघून पुस्तकं घेतली तर चालेल का? आणि सुरुवात कुठून करू? (यवतमाळ)

चालेल गं, पण यादी कशी बनते ते माहीत असू दे. साहित्य अकादमीच्या मुख्य पुरस्कारासाठी आधीच्या पाच वर्षांतली पुस्तकं धरतात, त्यामुळे आज ज्याचा हार-तुरा चाललाय ते पुस्तक दुकानात येऊन चारपाच वर्षं झालेली असू शकतात. ताजं हवं तर अकादमीच्या युवा पुरस्काराची यादी बघ, तो पस्तिशीच्या आतल्यांना देतात. आणि आपल्या राज्य शासनाचे यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार असतात त्यात ‘प्रथम प्रकाशन’ असा वेगळा विभाग आहे, कवितेला बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचा, कादंबरीला श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा, कथेला ग. ल. ठोकळ यांच्या नावाचा. म्हणजे ज्यांचं पहिलंच पुस्तक आलंय अशांची आयती यादी! पेपरात ही बातमी आतल्या पानावर येते आणि कोणी बघत पण नाही, मी मात्र कापून ठेवते.

सुरुवात ‘उसवण’ पासून कर. देविदास सौदागर यांची कादंबरी, २०२४ चा युवा पुरस्कार मिळालेली. लेखक तुळजापूरचे आणि स्वतः शिवणकाम केलेले, आणि गोष्ट पण टेलरचीच, रेडिमेड कपडे आल्यावर ज्याचं मशीन हळूहळू थांबत जातं त्याची. छोटी आहे, दोन बैठकीत होईल. शिवणाऱ्या हातांना जे ठाऊक असतं ते पानापानावर आहे, नुसती माहिती काढून लिहिणाऱ्याला हे जमलं नसतं असं मला वाटतं. वाचून झाल्यावर तुझ्या गावातल्या टेलरकाकांच्या दुकानावरून जाताना तू थांबशील बघ.

त्यानंतर किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ हा कथासंग्रह, खेड्यातला मुलगा शिकायला शहरात येतो आणि त्याचं आतून बाहेरून काय काय होतं ते, तू हॉस्टेलला असशील तर हे तुझंच वाटेल. आणि कथा-कादंबरीचा कंटाळा आला तर शरद बाविस्कर यांचं ‘भुरा’, आत्मकथन आहे, २०२१ ला लोकवाङ्मय गृहाने काढलं. धुळे जिल्ह्यातला मुलगा दहावीला इंग्रजीतच नापास होतो आणि पुढे जेएनयूत फ्रेंच शिकवायला लागतो. हे पुस्तक मोठ्या जाहिरातीवर चाललं नाही, ज्याने वाचलं त्याने दुसऱ्याच्या हातात दिलं आणि एकामागून एक आवृत्त्या निघत गेल्या. मला त्यात यशापेक्षा जास्त आवडला तो त्यातला राग, शिक्षणव्यवस्थेवरचा आणि गरिबीवरचा, आणि तो कुठेही रडका होत नाही.

एक मात्र कर, न आवडलेलं पुस्तक पन्नास पानांनंतर बिनधास्त बाजूला ठेव, पुरस्काराचं असलं तरी.

कथा-कादंबरीत मला रस नाही, शेती करतो, संध्याकाळी वाचतो. माहितीचं, विचाराचं नवीन काही आहे का? (संगमनेर)

भरपूर आहे. अतुल देऊळगावकर हवामान आणि पर्यावरणावर सातत्याने लिहितायत, ‘ग्रेटाची हाक तुम्हाला ऐकू येतेय ना?’ हे त्यांचं पुस्तक साधनाने काढलंय. अवकाळी आणि गारपीट ज्याच्या अंगावर येते त्याने ते वाचायलाच हवं. तारा भवाळकर, ज्या २०२५ च्या दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, त्यांचं ‘सीतायन’ घ्या. बायकांनी ओव्यांमधून, लोकगीतांमधून सीतेची बाजू कशी मांडली त्याबद्दल आहे, घरात मोठ्याने वाचा, आजींना त्यातल्या ओव्या पाठ असण्याची शक्यता आहे. आणि कादंबरी नको म्हणालात तरी एक सुचवते, रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’, २०१९ ची. जाडजूड आहे पण एका मराठा कुळाच्या शेकडो वर्षांचा शोध आहे त्यात, आणि पठारे तर तुमच्या संगमनेरच्या कॉलेजात शिकवायचे.

भुताच्या, रहस्याच्या, सायन्स फिक्शनच्या नवीन मराठी गोष्टी कोणी लिहितं का आता? मला ‘तसलं वाचतोस’ म्हणून हिणवतात. (नवी मुंबई)

हिणवू दे. भयकथेत वाक्य सैल पडलं की भीती गेली, इतकी ती कठीण असते. हृषीकेश गुप्ते वाचलेत का? ‘घनगर्द’ मधल्या कथा घ्या, रोहनने काढलंय, आणि मग ‘दंशकाल’ कादंबरी, ती नुसती भयाची नाही, घराच्या आत काय सडतं त्याची आहे. २०१८ ला ‘तुंबाड’ सिनेमा आला, त्याला धारपांच्या कथेचा आधार होता, तेव्हापासून जुने भयकथालेखक नारायण धारप पण पुन्हा दुकानांत पुढच्या रांगेत आले, ते नवीन नाहीत पण नवीन मुलं आता वाचतायत. विज्ञानकथेत जयंत नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले आणि मोठी पोकळी झाली, पण मराठी विज्ञान परिषद कितीतरी वर्षं विज्ञानकथेची स्पर्धा घेते, नवीन नावं तिथूनच येतात, त्यांच्या पत्रिकेचा दिवाळी अंक धरून ठेवा.

आमच्या वाचनालयात गेली कित्येक वर्षं नवीन पुस्तक आलेलं दिसत नाही. विचारलं तर ‘अनुदान नाही’ म्हणतात. सभासदाने काय करावं? (मालवण)

आधी त्यांची बाजू सांगते, कारण ग्रंथपाल फार कमी पगारात काम करतात आणि अनुदान वेळेवर येत नाही हे खरंच आहे. आपल्याकडे १९६७ च्या कायद्याखाली सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता मिळते, अ, ब, क, ड असा दर्जा असतो आणि त्या दर्जाप्रमाणे अनुदान. त्यातलं काही पगारात जातं आणि काही पुस्तकं, मासिकं, वीज वगैरेला. पुस्तकखरेदीसाठी ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं, शिवाय कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडून पण पुस्तकं येतात. म्हणजे पुस्तकं येत असतात हो, पण कुठली यावीत हे सभासद बोलतच नाहीत, मग जो पुरवठादार जास्त सूट देतो त्याचा गठ्ठा येतो.

तर करायचं असं की नुसतं ‘नवीन पुस्तकं आणा’ म्हणायचं नाही. दहा पुस्तकांची यादी बनवा, लेखक, प्रकाशक, किंमत सगळं लिहा, पाचसात सभासदांच्या सह्या घ्या आणि कार्यकारिणीला द्या. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव होतो तेव्हा प्रकाशक स्टॉल लावतात, तेव्हा ग्रंथपालांबरोबर स्वतः जा. वाढदिवसाला एक पुस्तक वाचनालयाला भेट द्यायची पद्धत पाडता आली तर बघा, पण भेट म्हणजे घरातली रद्दी नव्हे, या वर्षी आलेलं पुस्तक.

मुलगी आठ वर्षांची, इंग्रजी भराभर वाचते, मराठी म्हटलं की तोंड वाकडं. तिच्यासाठी नवीन काय? (बंगळुरू)

तिला उपदेश असलेलं काही देऊ नका ही पहिली अट. संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ बघा, मुलीच्याच वहीसारखी लिहिलीये आणि २०२२ ला अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालाय. थोडी मोठी झाली की भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’, त्याला २०२४ चा. ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं अगदी नवीन नाहीत पण चित्रं आणि बोलणं दोन्ही आजच्या घरातलं आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आणि पायरीप्रमाणे लावलेल्या आहेत, आणि बालभारतीने ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन ठेवलेत. पंधरा दिवस तुम्ही वाचून दाखवा, तिला वाचायला सांगूच नका. गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक मिटून स्वयंपाकाला उठा.

आमच्या ग्रुपवर नवीन पुस्तकांच्या पीडीएफ येतात. विकत घेण्याची ऐपत नाही, मग वाचलं तर काय बिघडलं? (सोलापूर)

ऐपत नसणं यात लाज कसलीच नाही, पण पाचशे प्रतींच्या आवृत्तीत पन्नास लोकांनी पीडीएफ घेतली तर ती आवृत्ती अडकते आणि त्या लेखकाचं पुढचं पुस्तक निघत नाही. उत्तर वाचनालय आहे, मित्रांनी मिळून एक प्रत घेणं आहे, प्रदर्शनातली सवलत आहे. फॉरवर्ड करू नका, मी कळकळीने सांगतेय.

आम्ही आठ जणींनी वाचनगट सुरू केला. एकतर सगळ्या ‘छान आहे, आवडलं’ म्हणतात आणि विषय चहाकडे वळतो. गेल्या महिन्यात ‘रिंगाण’ घेतलं तर उलटच झालं, एकीचे मिस्टर पाटबंधारे खात्यातून रिटायर्ड, एकीचं माहेर धरणात गेलेलं, आणि असं भांडण झालं की दोघी आता येत नाहीत. गट चालवायचा कसा? (सांगली)

हे पत्र मी तीनदा वाचलं. तुम्हाला वाटतंय गट मोडला, मला वाटतं त्या दिवशी तुमचा गट खऱ्या अर्थाने सुरू झाला. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ मध्ये धरणामुळे गाव उठतं, लोक दुसरीकडे वसतात, एक म्हैस मागे जंगलातच राहते आणि तिला आणायला एक माणूस परत जातो. एवढीच गोष्ट, पण ती म्हैस आता पाळीव राहिलेली नसते. माणूस आणि जनावर समोरासमोर येतात तो भाग वाचताना मला श्वास सोडायचं भान नव्हतं.

आता सांगलीत हे पुस्तक वाचल्यावर भांडण होणारच ना. कृष्णा-वारणेचं पाणी तुमच्या उसाला मिळतं आणि ज्यांची गावं बुडाली ते लोक पण तुमच्याच जिल्ह्यात वसलेत. कोयना धरण उभं राहिलं तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदा पण नव्हता, तो १९७६ ला आला. म्हणजे पाटबंधारेवाल्या काकूंचं म्हणणं की धरणाशिवाय जिल्हा उभा राहिला नसता ते खरं, आणि माहेर गेलेल्या ताईंचं दुःख पण खरं. चुकलं एवढंच असेल की बोलणं पुस्तकातून निघून सरळ एकमेकींवर गेलं.

यावर एक उपाय मला कायम उपयोगी पडलाय, प्रत्येकीने एक पान निवडून आणायचं आणि आधी ते मोठ्याने वाचायचं, मत नंतर. ‘धरण बरोबर की चूक’ असं विचारलं की दोन तट पडतात, पण ‘तो परत का गेला असेल, म्हशीसाठी की स्वतःसाठी’ असं विचारलं की सगळ्यांना पुस्तकात परत जावं लागतं. ‘छान आहे’ म्हणणारीला विचारा की कुठल्या पानावर तुम्ही थांबलात, कुठे कंटाळा आला, कुठलं माणूस खोटं वाटलं. कंटाळ्याबद्दल बोलायला लागलं की लोक मोकळे होतात, हा माझा अनुभव आहे. ज्या बाईने पुस्तक पूर्ण केलं नाही तिला पण बोलावा, तिने कुठे आणि का सोडलं हे फार कामाचं असतं. दर वेळी कादंबरी नको, एखादा महिना कवितासंग्रह घ्या, एखादा महिना दिवाळी अंकातली एकच कथा सगळ्यांनी वाचून या.

आणि त्या दोघींना फोन करा. एकत्र नको, वेगवेगळा. माहेर गेलेल्या ताईंना म्हणा की पुढच्या वेळी पुस्तक बाजूला ठेवून तुमच्या गावाबद्दल सांगा, आणि काकूंना म्हणा की मिस्टरांनाच घेऊन या, धरणावर काम केलेल्या माणसाकडे पण सांगण्यासारखं खूप असतं. येतील असं मला मनापासून वाटतं. काय झालं ते मला नक्की कळवा.

वय ७६, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर लागत नाही. नवीन पुस्तकं कशी वाचू? (नागपूर)

काका, ऐकून बघा. स्टोरीटेल या ॲपवर मराठी पुस्तकं खूप आहेत आणि काही तर खास ऐकण्यासाठीच लिहिलेली आहेत, महिन्याची वर्गणी भरावी लागते. किंडलवर ई-बुक घेतलं तर अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं आणि बहुतेक पुस्तकांची सुरुवातीची पानं नमुना म्हणून फुकट वाचता येतात, तेव्हा आधी नातवाच्या फोनवर एखादा नमुना उघडून अक्षर जमतंय का बघा, लगेच यंत्र घ्यायची घाई नको. डॉक्टरांनी दृष्टी फारच कमी आहे असं लिहून दिलं असेल तर ‘सुगम्य पुस्तकालय’ म्हणून २०१६ पासून एक ऑनलाइन ग्रंथालय आहे, छापील वाचता न येणाऱ्यांसाठीच, तिथे सभासद होता येतं. नागपुरातल्या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेत चौकशी केलीत तर ते फॉर्म भरायला मदत करतील.